‘वय झालं’ हे निदान नव्हे

अँजिओप्लास्टी वेळेत झाली, स्टेंट नीट बसला, महिन्याभराने केलेला टूडी इकोही बरा आला. डॉक्टर म्हणाले, ‘‘काळजीचं कारण नाही.’’ घर हळूहळू पूर्वपदावर आले. पण ज्यांच्यावर हा प्रसंग गुदरला, ते सत्तरीतले आजोबा अंघोळ करून आले की कपडे घालायच्या आधी पलंगावर टेकतात. आजी असतील तर दोन पोळ्या लाटून झाल्यावर स्टूल ओढून बसतात. दुपारी झोपूनही संध्याकाळी अंग गळालेलेच. ‘‘अंगात त्राण राहिलं नाही,’’ ‘‘नुसतं गळून जायला होतं,’’ ‘‘जिना चढवत नाही,’’ अशा शब्दांत ते सांगतात. आणि घरातले, शेजारचे, कधी कधी डॉक्टरही एकच उत्तर देतात : ‘‘आता वय झालं, एवढं चालायचंच.’’

हृदयविकाराच्या झटक्यानंतर वृद्धांना सर्वांत जास्त छळणाऱ्या तक्रारींमध्ये हा थकवा मोडतो. छातीत जरा दुखले तर घरात धावाधाव होते, पण थकव्याची कुणी नोंदही घेत नाही. तो ईसीजीवर उमटत नाही, अँजिओग्राफीत दिसत नाही. त्यामुळे तो वयाच्या खात्यावर टाकला जातो आणि विषय संपतो. वयाचा त्यात वाटा असतो, हे खरे. पण या थकव्यामागे बहुधा एकच एक कारण नसते. पाच-सहा कारणे एकत्र आलेली असतात, आणि त्यांतली बरीचशी शोधता येतात, काही तर पूर्ण दुरुस्त करता येतात. ती कोणती, ते या प्रकरणात क्रमाने पाहू.

विश्रांतीने न जाणारा थकवा

दिवसभर काम केले, रात्री झोपलो, सकाळी ताजेतवाने उठलो, हा झाला नेहमीचा थकवा. झटक्यानंतरचा थकवा या नियमाने चालत नाही. तो केलेल्या कामाच्या मानाने फार जास्त असतो. झोपून उठले तरी तो अंगावर असतोच. काही वेळा तो सांगून येत नाही. गप्पा मारता मारता अचानक सगळे बळ निघून गेल्यासारखे वाटते. अनेकांना वाचनात मन लावणे, हिशेब करणे, चार माणसांत बसणेही जड जाते.

या थकव्याची सुरुवात कधी कधी झटक्याच्या आधीच झालेली असते. अमेरिकेत ५१५ स्त्रियांची पाहणी करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ७० टक्के स्त्रियांनी सांगितले की, झटका येण्याच्या आधीच्या काळात आपल्याला कधी नव्हे असा थकवा जाणवत होता. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टचे मानसशास्त्रज्ञ आद आपेल्स यांनी १९८० च्या दशकात पुरुषांमध्येही हेच पाहिले होते : विलक्षण शीण, चिडचिड आणि खचलेपण या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर पुढे झटका येण्याचा धोका वाढलेला आढळला. म्हणून डॉक्टरांना सांगताना थकवा झटक्यानंतर सुरू झाला की आधीपासून होता, हे आठवून सांगणे महत्त्वाचे आहे.

हृदयाच्या स्नायूचे काय होते

हृदयाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी अचानक बंद पडली की तिच्या पुढच्या भागातला स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. मोठ्या झटक्यात काही तासांत शंभर कोटींच्या घरात पेशी मरू शकतात. कातडी खरचटली तर नवी येते, यकृताचा तुकडा कापला तरी ते पुन्हा वाढते. हृदयाच्या स्नायूला मात्र हे फारसे जमत नाही. शीतयुद्धाच्या काळातील अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग घेऊन स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये हृदयाच्या पेशींचे वय काढले. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्याने तयार होतात आणि पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याच, असे त्यांना दिसले. त्यामुळे मेलेल्या स्नायूच्या जागी साधारण सहा ते आठ आठवड्यांत व्रण तयार होतो. व्रण भिंत सांधून धरतो, पण आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूला त्याचे काम अंगावर घ्यावे लागते.

हृदय किती जोमाने रक्त ढकलते, हे सांगणारा आकडा इको तपासणीच्या कागदावर असतो. त्याला सगळे ‘ईएफ’ म्हणतात. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर पडते, ते हा आकडा सांगतो. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. ४० किंवा त्याखाली आला की हृदयाची ताकद बरीच कमी झाली, असे मानतात. इथे घरोघरी एक गफलत होते. ‘‘ईएफ पंचावन्न आहे, मग थकवा कसला?’’ असे रुग्णालाच विचारले जाते. पण ही तपासणी माणूस टेबलावर निवांत पडलेला असताना करतात. तोच माणूस जिना चढताना त्याचे हृदय किती साथ देईल, हे त्या आकड्यावरून नीट कळत नाही. ईएफ ३५ असूनही रोज फिरायला जाणारे लोक असतात, आणि ६० असूनही दारापर्यंत जाताना दम लागणारे असतात.

याची काही कारणे वयाशी जोडलेली आहेत. म्हातारपणी, विशेषतः वर्षानुवर्षे रक्तदाब आणि मधुमेह असेल तर, हृदयाची भिंत ताठर होते. ती आकुंचन नीट पावते, पण दोन ठोक्यांच्या मध्ये सैल पडून भरून घ्यायला तिला वेळ लागतो. चालताना ठोके वाढले की हा वेळ आणखी कमी होतो, फुप्फुसांत दाब वाढतो आणि दम लागतो. दुसरीकडे झटक्याने मागे ठेवलेली कारणे असतात : एखाद्या दुसऱ्या वाहिनीत राहिलेला अडथळा, गळू लागलेली झडप, अनियमित पडणारे ठोके किंवा फारच मंद झालेली नाडी. यांपैकी प्रत्येक गोष्ट शोधता येते आणि प्रत्येकीवर उपाय आहे.

शिल्लक कमी झाली की

जिना चढायला लागणारा प्राणवायू तिशीत आणि पंचाहत्तरीत साधारण तेवढाच लागतो. बदलते ती शरीराची कमाल क्षमता. तिशीनंतर ही क्षमता दर दहा वर्षांनी सुमारे दहा टक्क्यांनी घटते आणि सत्तरीनंतर घट वेगाने होते. क्षमता ही शरीराची गंगाजळी समजली, तर तरुण माणसाला जिना चढणे म्हणजे तिच्यातला किरकोळ खर्च असतो. पंचाहत्तरीत गंगाजळी आधीच आटलेली असते. त्यात झटका आणि रुग्णालयातला मुक्काम. आता तोच जिना जवळजवळ सगळी शिल्लक मागतो. कमाल मर्यादेच्या इतक्या जवळ जाऊन कोणतेही काम केले, तर माणूस थकणारच. तो आळशी झालेला नसतो, की मनाने कमकुवत झालेला नसतो.

या हिशेबातच आशेची जागाही आहे. वय मागे नेता येत नाही, पण वयाखेरीज ज्या गोष्टींनी ही क्षमता कमी केली, त्यातली बरीचशी परत मिळवता येते.

अंथरुणाने केलेले नुकसान

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात झटक्याचा मुख्य उपचार म्हणजे अंथरूण होते. रुग्णाने सहा सहा आठवडे पडून राहायचे, हातपाय हलवायचे नाहीत, काही ठिकाणी तर घासही परिचारिकेने भरवायचा. बॉस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी याला छेद दिला. त्यांनी रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच पलंगावरून उचलून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि १९५२ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. रुग्णांना त्रास तर झाला नाहीच, उलट त्यांना बरे वाटू लागले. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर येथे झटका आला. त्यांच्यावर देखरेख ठेवणारे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट चालण्याचे आणि व्यायामाचे खंदे पुरस्कर्ते होते. आयझेनहॉवर कामावर परतले आणि १९५६ ची निवडणूकही जिंकले. झटका आलेला माणूस कायमचा पंगू होतो, या समजाला त्यामुळे मोठा धक्का बसला.

अंथरूण नेमके काय करते, हे १९६६ मध्ये डॅलस येथे मोजले गेले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जेवढी क्षमता गेली होती, तेवढी तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही गेली नव्हती.

ही विशीतल्यांची गोष्ट. साठी ओलांडलेल्या निरोगी व्यक्तींवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ दहा दिवसांच्या अंथरुणाने पायांचा सुमारे एक किलो स्नायू कमी झाला. त्यात आजार नव्हता, भीती नव्हती, सलाईन नव्हते. प्रत्यक्षात वृद्ध रुग्ण अतिदक्षता विभागात असतो तेव्हा रात्रभर दिवे जळत असतात, यंत्रे वाजत असतात, जेवण जात नाही, मधूनच रक्त काढायला माणूस येतो. येल विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये मांडले की, रुग्णालयातून घरी गेल्यावर काही आठवडे माणूस मूळ आजाराइतकाच या सगळ्या ताणामुळेही दुबळा असतो, आणि म्हणून दुसऱ्याच कारणाने पुन्हा दाखल होण्याचा धोकाही त्याला असतो.

मग रुग्ण घरी येतो. आपल्याकडे आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याला हलू न देणे, अशी पक्की समजूत आहे. पाण्याचा पेला हातात, जेवणाचे ताट पलंगावर, फोनसुद्धा दुसरा कुणी आणून देणार. यामागे माया असते, पण पायांचे स्नायू तेवढे आणखी झिजतात. घरातल्या स्त्रीच्या बाबतीत अनेकदा उलटे घडते. तिला ‘तू काही करू नको’ असे सांगितले जाते, पण ओटा, डबे आणि पाहुण्यांचा चहा तिचीच वाट पाहत असतात. पुरुषाला गरजेपेक्षा जास्त विश्रांती मिळते आणि स्त्रीला गरजेपुरतीही मिळत नाही. दोघेही थकलेलेच राहतात.

गोळ्यांचा वाटा

झटक्यानंतर घरी येताना हातात गोळ्यांची भलीमोठी यादी असते. या गोळ्या जीव वाचवतात. त्यांतल्या काही थकव्यात भरही घालतात.

पहिली संशयित म्हणजे बीटा ब्लॉकर. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल अशा नावांची. ती हृदयाचे ठोके आवरते आणि त्याच्यावरचा भार कमी करते. साधारण सत्तर वर्षांच्या माणसाचे ठोके जोराच्या श्रमात मिनिटाला १५० पर्यंत जाऊ शकतात. ही गोळी चालू असताना ते तिथपर्यंत जात नाहीत. चढावर हृदयाला वेग वाढवता आला नाही, तर पाय जड होतात. मात्र हा परिणाम लोक समजतात तेवढा मोठा नसतो. ३५ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचण्या एकत्र करून २००२ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, या औषधामुळे वर्षाला दर हजार रुग्णांमागे सुमारे १८ जणांना जादा थकवा येतो. म्हणजे सरसकट दोष देता येत नाही, पण ज्या अठरा जणांना त्रास होतो त्यांना तो खराच होतो.

ज्यांच्या हृदयाची ताकद चांगली आहे, त्यांना हे औषध वर्षानुवर्षे द्यावे का, यावर सध्या वैद्यकात मोठी चर्चा चालू आहे. ईएफ ५० किंवा त्याहून अधिक असलेल्या ५,०२० रुग्णांवर, मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने मृत्यू किंवा नवा झटका टळल्याचे दिसले नाही. पुढच्याच वर्षी नॉर्वे आणि डेन्मार्कमधील चाचणीत काही फायदा दिसला. ईएफ कमी असलेल्यांना मात्र ते हवेच. म्हणून हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा नाही. बीटा ब्लॉकर अचानक बंद केल्यास ठोके आणि रक्तदाब उसळून छातीत दुखणे, अगदी नवा झटकाही येऊ शकतो. डॉक्टरांशी बोलून मात्रा कमी करणे, वेळ बदलणे किंवा दुसरी गोळी घेणे, हे मार्ग असतात.

दुसरे नाव कोलेस्टेरॉलच्या गोळीचे, म्हणजे स्टॅटिनचे. तिने काहींना अंगदुखी आणि अशक्तपणा येतो. पण लंडनमधील इंपीरियल कॉलेजने २०२० मध्ये एक बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरात आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच न देता ठेवले. खऱ्या गोळीने जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. लोक खोटे बोलत नव्हते. त्रास खरा होता, पण त्यामागे गोळीची भीती होती. हे कळल्यावर त्यांतल्या निम्म्या जणांनी औषध पुन्हा सुरू केले.

लघवी वाढवणाऱ्या गोळीने अंगातील सोडियम, पोटॅशियम घसरते आणि हातपाय गळतात. रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या एकदम लागू पडल्या की उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घाम जास्त जातो, तेव्हा हिवाळ्यात ठरवलेली मात्रा जास्त होऊ शकते. टिकाग्रेलॉर या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने काहींना दम लागल्यासारखे होते. यादी मोठी असेल, तर वर्षभर तशीच चालू ठेवण्यापेक्षा तिचा फेरविचार करायला सांगणे हा रुग्णाचा हक्क आहे.

रक्ताच्या तपासणीत सापडणारी कारणे

थकव्याची सर्वांत सहज सुटणारी कारणे रक्ताच्या साध्या तपासणीत सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषांचे हिमोग्लोबिन १३ च्या आणि स्त्रियांचे १२ च्या खाली गेले की तो रक्तक्षय. स्टेंट बसवल्यावर अ‍ॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी घ्यावी लागते. या जोडीने स्टेंट उघडा राहतो, पण वृद्धांच्या जठरातून किंवा आतड्यातून थेंब थेंब रक्त जाऊ शकते. दुखत काहीच नाही, फक्त थकवा वाढत जातो आणि शौचाचा रंग डांबरासारखा काळा होतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही अंगातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. हृदय कमकुवत झालेल्या आणि लोह कमी असलेल्या रुग्णांना शिरेतून लोह दिल्यावर त्यांचा थकवा कमी होतो आणि चालण्याची क्षमता वाढते, हे २००९ पासूनच्या चाचण्यांनी दाखवले आहे.

दुसरे कारण महाराष्ट्राच्या फार जवळचे आहे. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील गावे, वस्त्या आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ६७ टक्के पुरुषांमध्ये जीवनसत्त्व बी-१२ कमी आढळले. दूध-दही मोजकेच घेणाऱ्या शाकाहारी घरांत ही कमतरता मुरलेली असते. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी दिलेली पँटोप्रॅझोल या दोन्ही गोळ्या बी-१२ चे शोषण कमी करतात, आणि झटका आलेल्या वृद्धांच्या यादीत या दोन्ही अनेकदा असतात. थकवा, पायांना मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा, ही याची लक्षणे ‘वय झालं’ या नावाखाली सहज लपतात.

थायरॉइडही तपासावे, कारण अनियमित ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अ‍ॅमिओडॅरोन या औषधात आयोडीन असते आणि त्याने थायरॉइडचे काम बिघडू शकते. त्याच रक्तात साखर, मूत्रपिंडाचे क्रिअ‍ॅटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि डी जीवनसत्त्वही पाहून घेता येते.

मन आणि झोप

झटका आलेल्या दर पाच जणांतल्या सुमारे एकाला नैराश्याचा आजार होतो. वृद्धांमध्ये तो ‘मला उदास वाटतं’ या शब्दांत क्वचितच बाहेर येतो. ‘‘जेवण जात नाही’’, ‘‘झोप मोडते’’, ‘‘कशात मन लागत नाही’’ आणि ‘‘थकवा जात नाही’’ अशा वाटांनी तो येतो. मॉन्ट्रियलमधील नॅन्सी फ्राझर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये २२२ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की, झटक्यानंतर नैराश्य आलेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांतले मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. उदास माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, आणि शरीरातली ताणाची संप्रेरकेही सतत चढलेली राहतात. नैराश्यावर उपचार आहेत. सर्ट्रालिनसारखी औषधे हृदयरुग्णांमध्ये सुरक्षित असल्याचे २००२ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले. त्याच्याइतकीच कामाला येते ती बोलण्याची जागा : कुटुंब, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा समुपदेशक. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

भीतीसुद्धा थकवते. ‘पुन्हा येईल का?’ हा प्रश्न डोक्यात घेऊन प्रत्येक ठोक्याकडे कान लावून बसणे हे दिवसभराचे काम आहे. रात्री एकटे असताना ती भीती वाढते आणि झोप उडते.

झोपेचे आणखी दोन शत्रू आहेत. एक म्हणजे झोपेत श्वास अडकणे. घोरता घोरता श्वास काही सेकंद थांबतो, मग धाप लागून पुन्हा सुरू होतो. रात्रभरात असे अनेकदा होते. माणूस आठ तास झोपतो आणि सकाळी डोके जड घेऊन उठतो. हे शेजारी झोपणाऱ्यालाच जास्त कळते, म्हणून डॉक्टरांकडे जाताना त्यांनी बरोबर जावे. दुसरा शत्रू म्हणजे संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी. रात्री चार वेळा उठावे लागले तर विश्रांती कसली? ती गोळी सकाळी घेता येईल का, एवढे विचारले तरी काहींचा निम्मा थकवा जातो.

दुबळेपण मोजता येते

अमेरिकेतील लिंडा फ्रिड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वार्धक्यातील दुबळेपण ओळखण्यासाठी पाच खुणा सांगितल्या : नकळत घटलेले वजन, सतत जाणवणारा शीण, हाताच्या पकडीतला कमकुवतपणा, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा अधिक खुणा असतील, तर तो माणूस दुबळा समजावा. यांतली प्रत्येक गोष्ट मोजता येते, आणि म्हणून सुधारतेय की नाही हेही पाहता येते. घरी एक साधी पाहणी करता येते. हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठता येते का? महिन्याभरापूर्वी यायचे आणि आता येत नाही, तर तो थकवा वयाने आलेला नाही; वय एका महिन्यात एवढे वाढत नसते.

स्नायू टिकवायला प्रथिने लागतात. मूत्रपिंड ठीक असेल तर वृद्धांना शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, असे तज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या माणसाला साठ ते सत्तर ग्रॅम. झटक्यानंतर अनेक घरांत पथ्य म्हणून मऊ भात, वरणाचे पाणी आणि फळांचा रस सुरू होतो. त्यात मीठ-तेल कमी असते, पण प्रथिनेही नसतात. घट्ट वरण, मोड आलेली मटकी, बेसनाचे पिठले, साय काढलेल्या दुधाचे दही, अंड्याचा पांढरा भाग, मासे, यांतले जे घरात चालते ते दोन्ही जेवणांत थोडे थोडे असावे. लोणचे-पापड कमी करा, डाळ कमी करू नका.

ताकद परत कशी मिळते

सगळी कारणे तपासून झाली, तरी एक उपाय बहुतेकांना लागतोच : देखरेखीखाली, हळूहळू वाढवलेला व्यायाम. याला हृदय पुनर्वसन म्हणतात. हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि रुग्णालयात पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण त्याने कमी होते. आपल्याकडे अडचण अशी की, अशी केंद्रे थोडी आहेत, आणि वृद्धांना तिथे पाठवायला डॉक्टर आणि घरचे दोघेही कचरतात.

हा संकोच सोडावा, असे सांगणारा पुरावा आता आहे. इटलीत ६५ वर्षांवरील आणि झटक्यानंतर हालचाल मंदावलेल्या ५१२ रुग्णांवर एक चाचणी झाली. त्यांचे मध्यक वय ८० होते. एका गटाला आहाराचा सल्ला, जोखमींवर नियंत्रण आणि व्यायाम यांची सांगड घातलेला कार्यक्रम दिला, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू किंवा अचानक दाखल होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात २०.६ टक्के होते, तर कार्यक्रम करणाऱ्यांमध्ये १२.६ टक्के. ऐंशीच्या घरातली माणसे व्यायामाने सुधारतात, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीने ठळकपणे दाखवले. भारतातही २४ रुग्णालयांतील ३,९५९ रुग्णांवर योगावर आधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यू किंवा नव्या झटक्यांमध्ये ठोस फरक दिसला नाही, पण योग करणाऱ्यांना आपली तब्येत अधिक चांगली वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले.

केंद्र जवळ नसेल तर डॉक्टरांच्या संमतीने घरीच सुरुवात करता येते. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात किंवा गॅलरीत पाच-पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. जमले की दर काही दिवसांनी मिनिट-दोन मिनिटे वाढवायची. वेग योग्य आहे का, हे ओळखायची सोपी खूण अशी : चालताना बोलता आले पाहिजे, वाक्य तोडून श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीतून उठ-बस, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, असे ताकदीचे व्यायाम जोडावेत, कारण नुसत्या चालण्याने मांड्यांचे बळ पुरेसे येत नाही. जेवल्याबरोबर, भर उन्हात किंवा कडाक्याच्या थंडीत चालू नये.

दिवसाची कामेही वाटून घ्यावी लागतात. अंघोळ, बाजार आणि पाहुणे एकाच सकाळी नकोत. अंघोळीला स्टूलवर बसावे, पाणी कोमट असावे. बरे वाटलेल्या दिवशी राहिलेली सगळी कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस झोपून काढायचे, हा चढउतार सर्वांत घातक. रोज थोडे, पण रोज.

थांबून चालणार नाही अशी लक्षणे

काही वेळा थकवा हाच नव्या संकटाचा इशारा असतो. वृद्धांमध्ये, मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये दुसरा झटका छातीत न दुखता, केवळ अचानक आलेली गलितगात्रता, घाम आणि धाप या रूपातही येऊ शकतो. असे झाले, चक्कर येऊन पडायला झाले किंवा छातीत दाबल्यासारखे वाटले, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले, पाय सुजले, उशा वाढवल्याशिवाय झोपता येईना, शौच काळे झाले किंवा ठोके चुकल्यासारखे वाटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

एरवी थकवा असेल तर घाबरू नका, आणि तो मुकाट्याने सोसूही नका. रोज सकाळचे वजन, नाडी, रक्तदाब आणि ‘आज कोणत्या कामाने किती दमलो’ ही एक ओळ वहीत लिहा. पुढच्या तपासणीला जाताना ती वही आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या. डॉक्टर छातीत दुखण्याबद्दल विचारतील, त्याची वाट न पाहता थकव्यापासूनच बोलायला सुरुवात करा. ‘‘वय झालं’’ असे उत्तर मिळाले, तर नम्रपणे विचारा, ‘‘हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड पाहिलं का? एखादी गोळी कमी करता येईल का? मी किती चालावं?’’ या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत थकवा वयाच्या खात्यावर टाकू देऊ नका.